पांढऱ्या मेंढीची तुसं

पाय पांघरुणाच्या आत घ्या बघू आधी. घेतले? मग ऐका.

एक होता राजा. भानुकीर्त त्याचं नाव. त्याची राणी चंद्रावळ. लग्नाला बारा वर्षं झाली तेव्हा कुठं त्यांच्या घरात पाळणा हलला. राजाला इतका आनंद झाला, इतका आनंद झाला, की त्याला काही सुचेना. म्हणाला, माझ्या लेकाला बारशाला असं पांघरूण हवं की त्याहून मऊ दुसरं जगात नसावं.

आता काय झालं, त्याच राज्यात डोंगरावर मायाक्का नावाची एक धनगरीण राहायची. एकटी होती बिचारी. तिच्याकडं एक पांढरी मेंढी होती. तिची लोकर कशी? सावरीच्या कापसासारखी. राजाच्या कानावर ते गेलं. झालं, शिपाई कातरी घेऊन डोंगरावर निघाले.

दिवस होते पौषाचे. थंडी मी म्हणत होती. मायाक्का हात जोडून म्हणाली, "दादांनो, आत्ता नका कातरू. थंडी सरू द्या. चैत लागला की मीच आणून देते."

शिपाई म्हणाले, "बारसं काय चैतापर्यंत थांबतंय?"

आणि त्यांनी मेंढी कातरली. मग तीन दिवसांत लोकर पिंजली, कातली, विणली. सूत नीट पिळलंसुद्धा नाही कुणी. पांघरूण मात्र दिसायला देखणं झालं. बारशाला सगळ्यांनी हात लावून पाहिलं. राणीनं ते बाळावर घातलं आणि बाळ रडायला लागलं.

तेव्हापासून ते बाळ झोपेना. दूध प्यायचं, मान वळवायचं, परत रडायचं. आणि त्या पांघरुणाची तुसं निघायला लागली. लोकरीच्या केसांची अशी बारीक, पांढरी, चिकट तुसं. राणीच्या शालूवर तुसं, दाईच्या चोळीवर तुसं, राजाच्या काळ्या अंगरख्यावर तर विचारू नका. बरं, नुसती चिकटली असती तर झटकली असती. पण ज्याच्या अंगावर तूस बसायचं ना, त्याला म्हणून एका जागी बसवायचं नाही. आचारी चुलीभोवती फिरायचा, भाकरी जळून जायची. पहारेकरी दारातून निघून जायचे. प्रधान दरबारात येरझाऱ्या घालायचा आणि त्याच्यामागून कागद घेतलेला कारकून. कुणी विचारलं काय झालं, तर सांगता येत नव्हतं. नुसतं आत काहीतरी हुळहुळायचं, ऊठ म्हणायचं, चल म्हणायचं.

मग राजानं परटाला बोलावलं. परटानं पांघरूण नदीवर नेलं, रिठ्याच्या पाण्यात बुडवलं, खळबळून काढलं. वाळल्यावर तुसं दुप्पट. आणि नदीवरच्या बायका धुणं तसंच टाकून काठानं चालत सुटल्या.

मग राजानं शिंप्याला बोलावलं. शिंप्यानं रेशमी अस्तर लावलं, वरून आणि खालून. सकाळी बघतात तर अस्तरातून तुसं वर आलेली, जशी उगवलीच.

मग राजानं साठ बायका बसवल्या. म्हणजे बसवायच्या म्हणून बोलावल्या, बसतंय कोण? उभ्या उभ्या त्यांनी एक एक तूस बोटानं वेचलं. तिन्हीसांजेला पांघरूण कसं स्वच्छ झालं. पण दुसऱ्या दिवशी परत पांढरं भुरभुरीत.

आठ दिवस झाले. बाळ सुकत चाललं. डोळे एवढाले दिसायला लागले. वैद्य नाडी बघायचा, मान हलवायचा आणि त्याचंही पाऊल थांबायचं नाही, दाराकडं चालायला लागायचा.

नवव्या दिवशी सकाळी राणी चौकात बाळाला घेऊन फिरत होती. वारा पडलेला, पान हलत नव्हतं. आणि तिच्या ध्यानात आलं, की फरशीवरची तुसं हलताहेत. सगळी एकाच बाजूला. उगवतीच्या दाराकडं. तिनं बाळाकडं पाहिलं. बाळाचंही तोंड तिकडंच.

राणीनं पांघरूण काखोटीला मारलं, बाळ कडेवर घेतलं आणि निघाली. राजानं विचारलं, "कुठं निघालात?"

"ही तुसं जाताहेत तिकडं," ती म्हणाली.

"थांबा, पालखी मागवतो."

"पालखी उचलायला कोण उभं राहणार आहे, महाराज?"

आणि ती चालायला लागली. वेशीबाहेर एक बाई विहिरीभोवती गरगर फिरत होती. घागर डोक्यावर, कालपासून. राणीनं तिच्या पदराचं तूस काढून ओच्यात ठेवलं. बाई मटकन खाली बसली आणि म्हणाली, "आई गं." बस, एवढंच. पुढं एक शेतकरी आपल्याच जोंधळ्यातून आडवातिडवा चालत होता. त्याचं तूस काढलं. पुढं एक म्हातारा भेटला, त्याचंही काढलं. असं करत करत राणीचा ओचा भरला. सगळ्यांचं काढलं, पण तिच्या स्वतःच्या अंगावरची तशीच राहिली. पायाला फोड आले तरी तिला थांबता येईना.

डोंगरावर पोचली तर काय बघते? मायाक्कानं आपलं एकुलतं एक घोंगडं मेंढीला गुंडाळलेलं, आणि स्वतः विरलेल्या लुगड्यात बसलेली. ओठ निळे. मेंढी तरीही थडथड उडत होती.

राणी जवळ गेली. म्हणाली, "मायाक्का, माझ्या लेकराला पांघरायला आम्ही हिला उघडी केली."

  मायाक्कानं मेंढीवरचं घोंगडं बाजूला केलं.

राणीनं ते पांघरूण मेंढीच्या पाठीवर घातलं आणि ओच्यातली आणि अंगावरची सगळी तुसं वरून सोडली. मग बरं का, पांघरूण हळूहळू उसवायला लागलं. एक एक धागा सुटला, मेंढीच्या अंगात शिरला. मागं वाड्यात, गावात राहिलेली तुसंही उडत येऊन तिला चिकटली. पोटावर, मानेवर, कानांमागं लोकर भरत गेली. मेंढीचं थडथडणं थांबलं. तिनं मोठा श्वास सोडला आणि पाय दुमडून बसली.

पण आता बाळ उघडं पडलं की. राणी त्याला पदरात झाकायला लागली. मायाक्का म्हणाली, "इकडं द्या राणीसाब." तिनं बाळाला मेंढीच्या कुशीत ठेवलं. बाळानं मूठभर लोकर धरली, एक जांभई दिली आणि झोपलं. नऊ दिवसांनी झोपलं हो.

तेवढ्यात राजा धापा टाकत आला. दोघी खाली बसलेल्या, आणि हा एकटा इकडून तिकडं, तिकडून इकडं. त्याच्या पागोट्यात एक तूस राहिलं होतं. राणी काढायला उठली. मायाक्का म्हणाली, "राणीसाब, ते त्यांचं त्यांनाच देऊ द्या."

राजानं पागोटं उतरवलं. तूस शोधलं. मेंढीपुढं गुडघे टेकले आणि ते तिच्या पाठीवर ठेवलं. म्हणाला, "माझं चुकलं. मला थांबता आलं नाही." मग मायाक्काला म्हणाला, "तुमचं काहीच चुकलं नाही. तुम्ही थांबा म्हणून सांगत होता." आणि आपली शाल काढून त्यानं तिच्या खांद्यावर घातली.

चैत्र लागला. ऊन तापलं. मेंढीलाच लोकर नकोशी झाली, तेव्हा मायाक्कानं कातरली. सावकाश पिंजली, घट्ट पीळ देऊन कातली, विणून, तुसं दबावीत म्हणून चिंचोक्याची खळ दिली, उन्हात वाळवून झटकली. चांगले दोन महिने लागले. राजानं एकदाही विचारलं नाही, झालं का म्हणून. त्या पांघरुणाचं एकसुद्धा तूस निघालं नाही.

बाळ मोठं झालं. मेंढीला दोन कोकरं झाली. मायाक्काच्या डोंगरावर थंडीत कातर न्यायची नाही, असा राजानं हुकूम काढला. सगळे आपापल्या घरी स्वस्थ बसले, जेवले, झोपले.

झाली गोष्ट. आता तुम्हीही डोळे मिटा. कूस एकदाच बदलायची, मग नाही.