पेणची दहा माणसं

“दहा माणसं लागतात ना, बाबा? मग मी दहा नेली होती.”

एझराचा आवाज जरा चढलाच. गावच्या सिनेगॉगमध्ये त्याच्याइतकी खणखणीत प्रार्थना कुणी म्हणत नसे, आणि हे त्यालाही चांगलं ठाऊक होतं. तिथे प्रार्थना सांगणाऱ्या म्हाताऱ्या रहमीम हज्जानांनी, म्हणजे या बाबांनीच, त्याला लहानपणापासून शिकवलं होतं. आता त्यांची नजर गेली होती. आज मावळतीला दरफाळणीचा, वर्षाची पापं फेडायच्या दिवसाचा, कडक उपास लागला, की सगळ्या गावाच्या प्रायश्चित्ताची प्रार्थना एझरा सांगणार होता.

“कबरीशी उभा राहिलास?”

“राहिलो. अनवाणी. दहा जणांदेखत म्हणालो, इस्राएलच्या देवाचा आणि या बिनाजीचा मी अपराधी आहे. मेलेल्याची क्षमा अशीच मागायची, तुम्हीच शिकवलंत.”

“दहा कोण?”

“...पेणचे.”

“ते बिनाजीला ओळखत होते?”

“नाही. पण ओळख हवी असं कुठे सांगितलंय?”

बाबांनी तोंड दुसरीकडे वळवलं. एझराला ते सोसवेना. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

सिनेगॉगचा चांदीचा पेला हरवला, तेव्हा एका शनिवारी भरल्या सभेत त्यानेच बिनाजीकडे बोट दाखवलं होतं. गावाने त्या घराशी बोलणं टाकलं. पावसाळ्यात बिनाजी खाडीत उतरला, तो जिवंत वर आलाच नाही. आणि पेला? एझराच्याच पेटीत निघाला, जुन्या शालीत त्यानेच गुंडाळून विसरलेला. काखेत कळसा नि गावाला वळसा! पण या वळशात एक माणूस गेला.

“पेल्याचं काय केलंस?”

“गुपचूप जागेवर ठेवला, बाबा. पेणला जायच्या आधीच.”

“हं. तू तिकडे माणसं गोळा करत होतास, तेव्हा तो लोकांना दिसला. म्हणाले, बिनाजीच्या बायकोने आणून टाकला. शेवटी लाज वाटली म्हणे.”



“सारूबाई... काय म्हणाली?”

“काय म्हणणार? लेकीचं जमलेलं लग्न मोडलं.”

सिनेगॉगच्या बाहेर पांढऱ्या कपड्यांतली माणसं जमू लागली होती. बाबा भिंत चाचपत उठले. त्यांनी एझराचं मनगट धरलं. तो सवयीने प्रार्थनेच्या मधल्या चौथऱ्याकडे वळला, पण बाबांनी त्याला ओढत मागच्या एका बाकापाशी नेऊन उभं केलं.

“इथे, बाबा?”

“इथेच. बोट इथूनच दाखवलं होतंस. आज सगळं गाव येईल. सारूबाईही येईल, वरच्या सज्जात बायकांत बसेल. सगळ्यांना सांग.”

“तिच्यासमोर?... बाबा, गावात तोंड दाखवायला जागा उरणार नाही मला.”

“बिनाजीला तरी कुठे उरली होती?”

“आणि प्रार्थना?”

“मला पाठ आहे.”

 बाकाची कड एझराने घट्ट धरून ठेवली. 

“बाबा... एवढं केलं, तर देव तरी क्षमा करील ना?”

बाबांनी चाचपत जाऊन दाराची कडी काढली.

“करील की. देवाचं कुठे काय गेलंय!”