भोक पडलेले पान

विषय: पानवेलींवरील मर रोगाबाबत.
संदर्भ: शिष्य भरमू यांची गुरू शिदगोंडा अप्पा यांच्याकडे केलेली तोंडी विनंती.

"म्हणजे वेल लढतच नाही म्हणा की, अप्पा!"

अप्पा आपल्या पानमळ्याच्या दाराबाहेर बांधावर बसले होते. भरमू हा त्यांचा सर्वांत हुशार शिष्य. निदान त्याचे तसे मत होते. पानमळ्यात अनवाणी जावे, हा रिवाज त्याने अडाणीपणा ठरवला. चार गावचे मळे बूट घालून पाहिले आणि त्याच बुटांनी स्वतःच्या मळ्यात शिरला. आता तिथे एकही वेल उभी नव्हती.

अप्पांनी कुंपणाबाहेर आलेले एक पान खुडून त्याच्या हातात दिले. पानाला भोक होते.

"कीड लागली?"

"रोग उतरला होता. वेलीनं डागाभोवतीचं स्वतःचंच अंग मारलं. रोगाला पुढं खायला उरलं नाही. भोक पडलं, पान जगलं."

"मग माझ्या वेली का मेल्या?"

"तुझा रोग बुटाच्या मातीतनं मुळाला गेला. पानाला भोक परवडतं, लेका. मुळाला नाही."



"मला नव्यानं लावायला तुमच्या मळ्यातलं बेणं पाहिजे, अप्पा. पाय धुतो, अनवाणी जातो."

"आता अनवाणी?"

"हसा. पण आत सोडा."

"नाही."

"मग तुम्ही आणून द्या."

अप्पा जागचे हलले नाहीत.

दाराच्या कडीवर कोळ्याने जाळे विणले होते. ते भरमूला तेव्हा दिसले.

"अप्पा... तुम्ही आत कधी गेला होता?"

"पंधरवडा झाला. त्याआधी तू रडत आला होतास. चिखलाच्या हातांनी माझे पाय धरलेस. मी पाय धुतले अन् आत गेलो. आठव्या दिवशी दाराजवळची वेल पिवळी पडली. रोग माझ्याच पायानं आत गेला; तेव्हापासनं मी बाहेर."

"आणि पाणी?"

"सूनबाई पलीकडनं पाट सोडते. मी इथं बसतो."

"किती दिवस बसणार?"

अप्पांनी त्याच्या हातातल्या पानाच्या भोकाकडे बोट दाखवले.

भरमूने भोकातून मळ्याकडे पाहिले. हिरवे दिसत होते. मग तोही बांधावर बसला.

"मीही थांबतो. आत जायची वेळ येईल तेव्हा..."

"थांब," अप्पा म्हणाले. "पण माझा नंबर आधी आहे."

दोन्ही अर्ज प्रलंबित आहेत.