नाखव्याचा जिभेचा रोजा

ही गोष्ट अगदी खरी, बरं का. गळ्याची शपथ. माझ्या डोळ्यांदेखत घडली. आता तुम्ही विचाराल, तेव्हा तुम्ही केवढे होता? तर तेव्हा मी जन्मायचा होतो. पण खरं ते खरं. पाय पांघरुणात घ्या आणि ऐका.

एक होता नाखवा. राजा नव्हता, पण चालायचा राजासारखा. नाव याकूब. खाडीच्या तोंडाशी त्याचं गाव, धक्क्याला त्याचं गलबत. दर्यात डोळे मिटून सोडला तरी वाट चुकायचा नाही.

त्याला एक थोरली बहीण, हलीमाआपा. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवला. तिचा नवरा वारलेला, मूलबाळ नाही. आपलं म्हणायला एक याकूब. आणि त्याच याकूबनं तिच्याशी अबोला धरलेला! कशावरून? तर कोंबड्यावरून.

झालं होतं काय, एका रमजानात आपाचा कोंबडा भलत्याच वेळी आरवला. याकूब तेव्हा सहेरीला, म्हणजे रोज्याआधीच्या पहाटेच्या जेवणाला, बसलेला. त्याला वाटलं, उजाडलं. हातातला घास त्यानं ताटात ठेवला आणि दिवसभर पोटाला चिमटा काढून रोजा पाळला. मागाहून कळलं, पहाटेला चांगला अवकाश होता. आपा पोट धरधरून हसली. म्हणाली, "अरे याकूब, बांग मशिदीतून ऐकायची की खुराड्यातून?"

सगळा मोहल्ला हसला. नाखवा जो फुगला तो फुगलाच.

आता त्या गावची रीत अशी, की ईदच्या नमाजाला ईदगाहवर, म्हणजे गावाबाहेरच्या नमाजाच्या मैदानात, एका वाटेनं जायचं आणि दुसऱ्या वाटेनं परतायचं. जाणते सांगायचे, कयामतीच्या दिवशी दोन्ही वाटा तुमची साक्ष देतात. जाताना बाजाराची वाट, येताना खाडीची. पण खाडीच्या वाटेवर आपाचं घर. म्हणून याकूब बाजारातून जायचा आणि बाजारातूनच यायचा. आपा दर ईदेला शीरखुर्म्याची वाटी घेऊन दारात उभी राहायची. माणसं संपायची, वाट ओस पडायची, मग ती आत जायची.

मग एका ईदेला काय झालं, नमाज झाला, गळाभेटी झाल्या आणि याकूब निघाला बाजाराच्या वाटेनं. शिंप्याचं दुकान गेलं, विहीर गेली, आता वळलं की घर. वळला, तर समोर ईदगाहची पांढरी भिंत!

खतीबसाहेब, म्हणजे नमाज पढवणारे, चटया गुंडाळत होते. म्हणाले, "काय नाखवा, काही विसरलं?"

"नाही, नाही," म्हणत याकूब परत फिरला.

या खेपेला तो उलटा चालला. तोंड ईदगाहकडे, पाठ घराकडे. म्हणजे ईदगाह नजरेआड होऊन वाटेत येणारच कशी? बायका खिडक्यांतून बघून हसत होत्या. चालता चालता पाठ कशाला तरी टेकली. बघतो तर तीच भिंत, मागच्या बाजूनं!

मग त्यानं शिंप्याची शेळी गाठली. ही शेळी रोज एकटी याकूबच्याच आळीतल्या आपल्या घरी जाते, अख्ख्या गावाला ठाऊक. तिच्या गळ्यातली दोरी धरून निघाला. शेळीनं त्याला थेट ईदगाहवर आणलं, भिंतीशी गवत खाल्लं आणि त्याच्याकडे असं बघितलं, जणू चूक ह्याचीच.

याकूब मटकन खाली बसला. "खतीबसाहेब, वाट मला घरी जाऊ देईना हो."

"ईदला रोजा ठेवतात का रे?"

"तोबा! ईदला रोजा हराम. सकाळीच खजूर खाऊन आलोय."

"तो पोटाचा सुटला. जिभेचा?"

"जिभेचा कसला?"

"बहिणीशी एक अक्षर बोलत नाहीस, तो रोजाच की! इतक्या ईदा आल्या नि गेल्या, तू सोडलास का? चंद्र दिसला म्हणजे ईद होत नाही, बाबा. धरलेलं सुटलं, की होते."

याकूब उठला आणि खाडीच्या वाटेला लागला. पाय जड. गलबताचा नांगर ओढावा तसे ओढत होता. पण वाट कुठं वळली नाही, फिरली नाही. सरळ आपाच्या दारात गेली आणि थांबली.

आपा वाटी घेऊन उभीच होती. याकूबनं तोंड उघडलं, तर आवाज फुटेना. घसाच गंजलेला. दुसऱ्यांदा उघडलं, नुसती हवा. तिसऱ्यांदा उघडलं आणि शब्द आला, "आपा."

आपा हसली. म्हणाली, "आधी खा. गार झालाय."

त्यानं उभ्यानं खाल्ला आणि वाटी पुढं केली, "अजून दे." मग तो तिला हाताला धरून आपल्या घरी घेऊन गेला. दारात बायको नफीसा कंबरेवर हात ठेवून उभी. "एवढा उशीर?" आणि पाठीमागं आपा दिसली, तशी पुढचं विसरली आणि पाट मांडायला धावली. पुढं तिघं सुखानं राहिली, भांडली, पण बोलून भांडली.

झोपा आता. काय? खोटं कुठलं म्हणता? वाट फिरली ते खरं. शेळीही खरी. खोटं एवढंच, की आपा हसली नव्हती. ती दाराची चौकट धरून रडली होती, फार वेळ. पण झोपायच्या वेळी लेकरांना ते सांगू नये, म्हणून मी तिला हसवली.

मिटा डोळे.