शेवटच्या चरणातले नाव

एकदा एका वृद्ध ख्रिस्ती कीर्तनकाराने भर कीर्तनात टाळ खाली ठेवले. गोदाकाठच्या वस्त्यांतून प्रभूचे गुणगान करण्यात त्यांचे आयुष्य गेले होते; लोक त्यांना गुरुजी म्हणत. त्या दिवशी त्यांचा तरुण शिष्य दानिएल स्वतःचा म्हणून एक नवा अभंग गात होता. शेवटचा चरण आला आणि गुरुजींचे टाळ थांबले. चरण असा होता:

रिकामा पाळणा, तुझिया स्वाधीन,
दानिएल दीन, म्हणे आता.

लोकांचे डोळे पाणावले. लग्नही न झालेल्या पोराला रिकामा पाळणा कुठून सुचला, हे कुणी विचारले नाही. गळा गोड असला की श्रोते फार चौकशी करत नाहीत. पुढच्या गावी तेच झाले, त्याच्या पुढच्याही. त्या चरणाला गुरुजी टाळ ठेवत आणि मान खाली घालून बसत. लोकांना ती भक्ती वाटली. दानिएलला मात्र त्याचे मन खाऊ लागले.

अखेर परतीच्या वाटेवर त्याने विचारले, "गुरुजी, माझ्या गाण्यात काही चुकतंय का?"

"छे! 'राहेल ती दीन' याची अक्षरं सहा, 'दानिएल दीन' याचीही सहाच. नाव अगदी चपखल बसवलंस बाबा."

दानिएल जागीच थांबला. वस्तीतल्या राहेलबाई दळताना तो अभंग गुणगुणत. अक्षरओळख नसलेल्या त्या माउलीने जन्मात एवढे एकच रचले होते. दानिएलने मागितला तेव्हा त्यांनी तो आनंदाने शिकवला होता.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"त्या पाळण्यातल्या लेकराला मूठमाती मीच दिली."

"मग मला रागावला का नाहीत?"

"रागावलो असतो तर माझ्या भीतीनं कबूल झाला असतास, आणि सुटलो असं समजला असतास. बाळ, अभंगात नाव घालणं म्हणजे साक्ष देणं. 'हे माझ्यावर गुदरलं आणि देवानं मला सावरलं,' असं ते नाव सांगत असतं. खोटी साक्ष देऊ नको, ही आज्ञा आपण कोर्टापुरती ठेवली. तुझ्या त्या साक्षीला माझ्या हातून ठेका धरवेना. प्रभू तर म्हणतो, अर्पण वेदीपाशीच राहू दे, आधी ज्याचं मन दुखावलंस त्याच्याकडे जा."

"पण खरं सांगितलं तर मला पुन्हा कोण गाऊ देईल?"

"कदाचित कुणीच नाही," गुरुजी म्हणाले आणि त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मी येतो उंबऱ्यापर्यंत. आत तू जायचंस."

राहेलबाई जात्यापाशी होत्या. दानिएलने सगळे सांगितले. त्या पीठ सावरू लागल्या.

"कानावर आलं हुतं," त्या म्हणाल्या. "लई वाईट वाटलं रं. माझ्या लेकराला काय चालायला मिळालं न्हाई. गाण्यातून तरी गावोगाव हिंडंल, म्हणून दिलं हुतं तुला. तू तर त्याच्या आईलाच पुसून टाकलंस."

दानिएलची मान वर होईना.

"त्याचं नाव तरी ठावं हाय का तुला?"

त्याला ठाऊक नव्हते. एवढ्या सभांतून आपला म्हणून तो पाळणा गायला, पण त्यातल्या लेकराचे नाव विचारावे असे त्याला एकदाही वाटले नव्हते. तो ओक्साबोक्शी रडू लागला. राहेलबाईंनी पदराने त्याचे तोंड पुसले.

"नथनेल," त्या म्हणाल्या.

रविवारी ख्रिस्तमंदिरात दानिएल उभा राहिला. "हा अभंग राहेलबाईंचा आहे. मी तो चोरला. पाळणा त्यांच्या नथनेलचा आहे. जिथं जिथं मी हा गायलो, तिथं तिथं जाऊन हेच सांगणार आहे." काही जण कुजबुजले, एकजण उठून गेला. मग त्याने राहेलबाईंच्या नावाने शेवटचा चरण गायला. आवाज फाटत होता, पण त्याचे मन आता त्याला खात नव्हते.

सभा सुटल्यावर बाया राहेलबाईंभोवती जमल्या. इतक्या वर्षांत ते नाव कुणी उच्चारले नव्हते.

"कसा दिसायचा गं तुझा नथनेल?" एकीने विचारले.

"बापावानी," राहेलबाई म्हणाल्या, आणि डोळे पुसत हसल्या.