बिनबंदुकीचे बुवा

आमचे उपासनीबुवा पलटणीत धर्मगुरू होते. निवृत्तीनंतर त्यांनी आंदोलन करून मंत्री धुळपांच्या ताब्यातलं देऊळ सगळ्या वस्त्यांना खुलं केलं आणि आता निवडणुकीतही धुळपांसमोरच उभे राहिले.

देवळापुढच्या सभेत आठ बंदूकधारी रक्षकांच्या कड्यातून धुळप गरजले, "बुवा, सीमेवर तुम्ही नुसती घंटा बडवलीत! कधी बंदूक धरलीत? नाही ना? मग अर्ज मागे घ्या!"

गर्दीत उभे असलेले बुवा पुढे आले.

ते शांतपणे म्हणाले, "खरंय, साहेब. जखमी जवानाला पाणी पाजायला मी शत्रूच्या गोळीबारातसुद्धा बिनबंदुकीचा जायचो. तुम्हाला मात्र आपल्याच माणसांत यायला आठ बंदुका लागतात!"

मैदानभर हशा उसळला. धुळपांनी रागानं मागे पाहिलं, तर रक्षकही तोंड फिरवून हसत होते.