देवीच्या डोळ्यांची आखणी

"पण मग कोणाचे देऊ हिला, बुवा?"

निळकंठनं हे सकाळपासून कितीदा विचारलं, ते आता त्यालाही सांगता आलं नसतं.

समोर पाटावर देवी बसली होती. साडीचा रंग वाळला होता, नथ झाली होती, ओठांवर लाली चढली होती. डोळ्यांची जागा मात्र पांढरीच होती.

धाकूबुवा अडकित्त्याशी झटापट करत होते. हात इतका कापत होता की सुपारी दोनदा खाली पडली. निळकंठ ती उचलून द्यायला वाकला, तर बुवांनी मानेनंच नको म्हटलं.

कोकणातल्या त्या गावात मूर्ती घडवायच्या जागेला शाळा म्हणतात. मुलांची शाळा वेगळी, ती टेकडीवर. तिथं नापास झालं तर पुढच्या वर्षी पुन्हा बसता येतं. इथं तशी सोय नाही. इथलं शेवटचं काम म्हणजे आखणी, मूर्तीचे डोळे काढणं. माती कुणीही मळावी, रंग कुणीही भरावा, पण आखणी बुवांचीच. हात कापायला लागला तेव्हा त्यांनी निळकंठला मुंबईहून बोलावून घेतलं.

निळकंठ याच शाळेत माती मळत वाढलेला. पुढं तो मुंबईला गेला, सिनेमांचे देखावे उभारू लागला, त्याचं नाव झालं. नाव झाल्याचं इतरांपेक्षा त्यालाच जास्त ठाऊक होतं. गावात पाय ठेवल्या ठेवल्या तो म्हणाला होता, "बुवा, असे डोळे देतो की तालुका बघत राहील!"

आणि आता दुपार व्हायला आली तरी त्याचा कुंचला कोरडा होता.

बाहेर घरापुढच्या खळ्याच्या कडेला, दगडी गडग्यापलीकडे, वाडीतली माणसं उभी होती. उद्या घट बसायचे, देवीला आजच मांडवात न्यायचं. डोळे नसलेली मूर्ती कुणी डोक्यावर घेत नाही आणि आखणी होईपर्यंत शाळेत कुणी पाऊल टाकत नाही. दुसरी मूर्ती कुठून आणणार? निळकंठचा हात चालला नाही, तर यंदा मांडव रिकामा राहणार होता.

"दाखव," बुवा अखेर म्हणाले. "काय हाडलंस ता दाखव."

निळकंठला जरा जीव आला. त्यानं बरोबर आणलेला कागदांचा गठ्ठा सोडला आणि देवीच्या पाटासमोर एकेक कागद मांडत गेला. नुसते डोळेच डोळे. इतक्या वर्षांच्या भटकंतीत जिथं जे डोळ्यांत भरलं, ते त्यानं तिथंच बसून उतरवून घेतलेलं.

"हे लेण्यातले. भिंतीवर एक राणी आहे, तिचे. दिवसचे दिवस बसलो होतो त्यांच्यापुढं."

बुवांनी कागद जवळ घेतला. बराच वेळ बघितला.

"बरे असत." मग म्हणाले, "कोणाकडे बघतत?"

"अं? ...खाली बघतात. पापण्या अर्ध्या मिटलेल्या आहेत ना, म्हणून तर..."

"खाली काय आसा?"

निळकंठ आठवू लागला. खाली काय होतं? त्या भिंतीवर राणीच्या पायाशी नक्कीच काहीतरी होतं. कोणीतरी बसलं होतं बहुतेक.

"ते नाही बघितलं," तो म्हणाला.

बुवांनी कागद बाजूला ठेवला.

"हे बंगालकडचे. तिथं कानापर्यंत लांब डोळे काढतात. बघा, केवढी ओढ आहे रेषेला!"

"कोणाकडे बघतत?"

"...माहीत नाही."

"हे?"

"हे मद्रासचे. सिनेमाचा मोठा फलक होता, चार मजली इमारतीएवढा. नायिकेचा एकेक डोळा माझ्याहून उंच! रंगवणारा दोरीला लोंबकळून बुबुळ भरत होता. अंगावर काटा आला, बुवा."

हे सांगताना त्याचा आवाज खरंच बदलला. पाहिलेल्या गोष्टींवर त्याचं प्रेम होतं, ते काही ढोंग नव्हतं. बुवांनाही ते कळलं असावं, कारण त्यांनी तो कागद दोन्ही हातांनी धरला.

"देखणे असत," ते म्हणाले. "कोणाकडे बघतत?"

निळकंठला आता राग यायला लागला. हा काय प्रश्न झाला? डोळे बघायचे असतात. ते कोणाकडे बघतात, याची चौकशी कोण करतं?

कळसूत्री बाहुलीचे झाले. कॅलेंडरवरच्या लक्ष्मीचे झाले. काडेपेटीवरच्या वाघाचे झाले. प्रत्येक वेळी बुवांचा तोच प्रश्न, आणि निळकंठ पुढचा कागद काढत गेला. गठ्ठ्याच्या तळाशी एकच कागद उरला. तो त्याला दाखवायचा नव्हताच, पण बुवांनीच ओढून काढला.

"हे खंयचे?"

"ट्रकचे. मागच्या फळीवर काढतात ना, तसले. घाटात माझी गाडी त्या ट्रकच्या मागं अडकली होती."

"कोणाकडे बघी होते?"

"माझ्याकडेच," निळकंठ वैतागून म्हणाला. "दुसरं कोण होतं तिथं?"

बुवा एवढे हसले की त्यांना ठसका लागला.

"म्हणजे एकान तरी तुका बघल्यान!"

निळकंठला हसू आलं नाही. त्याला एकाएकी रडावंसं वाटलं. एवढं हिंडलो, एवढं डोळ्यांत साठवलं, आणि हातात काय? त्यानं कुंचला खाली ठेवला.

"बुवा, माझ्यानं नाही होणार. तुम्हीच काढा. हात कापला तरी तुमचाच बरा."

बुवा उठले. भिंतीला धरत पाटापाशी आले आणि देवीच्या अगदी पुढ्यातली जागा हातानं झाडली.

"बस हंय."

निळकंठ देवीकडे तोंड करून बसला.

"तसो नाय. उलटो बस."

"देवीकडे पाठ करून?"

"देवी खंय आसा? डोळे नाय तवसर ती माती." बुवांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तिच्या जाग्यार बस. फुडे बघ."

लहानपणापासून त्याला मूर्तीकडे पाठ न करायला शिकवलं होतं, तेही याच बुवांनी. एकदा चुकून केली तर कान पिळला होता. तो घाबरत घाबरत वळला. देवीचे कोरे डोळे त्याच्या डोक्याच्या मागं आले.

"काय दिसता?"

"दार."

"फुडे?"

"खळं. काकी तांदूळ पाखडतायत." बुवांची बायको पाय लांब करून बसली होती, तिचा एक पाय सुजला होता. हे निळकंठनं आल्यापासून पाहिलं नव्हतं.

"फुडे?"

"गडगा... आणि माणसं."

"बघ."

निळकंठनं बघितलं.

माणसं बोलत नव्हती. उन्हात उभी होती आणि सगळी याच दाराकडे बघत होती. आत काळोख असल्यानं त्यांना आतलं काही दिसत नसणार. तरी बघत होती. एका म्हातारीनं कपाळावर आडवा हात धरला होता. एका माणसानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती. निळकंठला वाटलं, ही सगळी आपल्याकडेच बघतायत. मग त्याच्या लक्षात आलं, आपल्याकडे नाही. आपण ज्या जागी बसलोय, त्या जागेकडे.

तेवढ्यात घोळक्यातली एक बाई पुढं आली. तिच्या कडेवर मूल होतं. मान टाकलेलं, हातापायांच्या काड्या झालेलं. गडग्यापाशी थांबून तिनं ते मूल दोन्ही हातांनी उंच धरलं, तोंड दाराकडे करून.

पोराला दिसावं म्हणून नव्हे. देवीला पोर दिसावं म्हणून.

आजवर निळकंठनं किती मूर्ती, किती चित्रं, किती चेहरे पाहिले होते! त्यांच्यापुढं माणसं उभी राहतात ती बघायला, असंच तो समजून चालला होता. बाईचे हात भरून आले, तरी तिनं मूल खाली घेतलं नाही.

"बुवा..."



निळकंठ वळला. पाटासमोर मांडलेल्या कागदांवर त्याचा गुडघा पडला, ते चुरगळले. त्यानं खारीच्या केसांचा कुंचला काळ्या रंगात बुडवला. आधी डावा डोळा काढला की उजवा, हे त्याला नंतर कधी आठवलं नाही. रेषा लेण्यातल्यासारखी वाकली का बंगालसारखी लांबली, तेही त्यानं पाहिलं नाही. ती बाई अजून हात वर करून उभी असेल, एवढं एकच त्याच्या मनात होतं.

शेवटी त्यानं बुबुळांवर पांढरा ठिपका ठेवला. एकावर, मग दुसऱ्यावर.

आणि शाळेत आता ते दोघंच उरले नव्हते.

कुंचला त्याच्या हातातून कधी गळला कोण जाणे. तो गुडघ्यांवर बसून राहिला. असे डोळे त्यानं कुठंच पाहिले नव्हते. त्यात माया होती असं म्हणावं तर धाकही होता, आणि धाक म्हणावा तर तिथून उठून पळावंसं वाटत नव्हतं. त्याला भीती वाटली, आनंद झाला, गालांवरून पाणी वाहायला लागलं. हे आपल्या हातून झालं, यावर त्याचा विश्वास बसेना. हलायचं त्याला सुचलंच नाही.

मुंबईत पुसली गेलेली बोली त्याच्या तोंडी आपोआप आली.

"बुवा... हे कोणाचे असत?"

बुवा त्याच्या मागं, एका बाजूला उभे होते. त्यांनी देवीकडे बघितलं. मग वळून दाराबाहेर, गडग्याकडे बघितलं. कापणारे दोन्ही हात जोडले आणि हलकेच म्हणाले,

"बाजूक सर, निळू. तिका दिसणा नाय."