भिवरा तेलिणीचा घाणा

कुणाच्या आजीच्या आजीनेही पाहिला नसेल, एवढ्या जुन्या काळी माडवणे गावात भिवरा तेलीण राहायची. नारळाचं गोडं तेल तिच्याकडे आणि दिव्यात जाळायचं करंजाचं कडू तेलही तिच्याकडेच. म्हणून भांडं पुढे आलं की ती विचारायची, "दिव्याक की जेवणाक?"

त्याच गावात बाळोजीची बायको आवडी. पाळी थांबली तशी ती आतून सुकत गेली. नवरा जवळ आला की नुसती आग व्हायची, जीव नकोसा व्हायचा. पण हे सांगणार कुणाला? ती लेकीचं निमित्त करून माजघरात झोपू लागली. बाळोजीला वाटलं, बायको आपल्याला विटली. शेजाऱ्यांना बोलायला काय जातं! त्यांनी त्याच्या डोक्यात दुसरं लग्न भरवून दिलं, आणि मुलगी बघायला जायचंही ठरलं.

आवडीचा धीर सुटला. तेल लावून बघावं, पण घरातलं कमी झालं तर कुणी विचारेल, म्हणून ती वाटी घेऊन घाण्यावर गेली. भिवराने नेहमीचंच विचारलं. भोवती गावची माणसं उभी, आणि जेवणाचं तेल तर कालच नेलेलं, पुन्हा मागितलं तर विचारतील कशाला. बिचारी बोलून गेली, "दिव्याक." ते करंजाचं तेल लावलं मात्र, अंगाची लाही लाही झाली.

दुसऱ्या दिवशी तिची चाल बघूनच भिवरा काय ते समजली. तिला आत घेऊन म्हणाली, "अगो, माका सांगूचा नाय? पाळी गेली काय आंग सुकता. माझांय सुकलेलां." आवडी ओक्साबोक्शी रडली. तिला वाटत होतं, हे जगात आपल्या एकटीलाच झालंय.

भिवराने गोडं तेल तिच्या हाती दिलं आणि बाळोजीला बोलावून घेतलं. "बायल तुका विटाक नाय रे, ती दुखण्याक भिता. आता तिचां तेल तूच काढ."

असं म्हणतात, की त्या दिवशी घाण्याचा बैल जागचा हलेना. बाळोजीने जू स्वतःच्या खांद्यावर घेतलं. घाण्यात खोबरं मूठभर, पण तेलाची धार काही थांबेना. बायका भांडी घेऊन धावल्या आणि एकेकीने हळूच सांगितलं, "माकाय तसांच होता गो." शेवटचं भांडं भरलं तेव्हा कुठे धार थांबली, असं म्हणतात. मुलगी बघायला कुणी गेलं नाही.

भिवरा कधी गेली, कुणाला ठाऊक नाही. पण माडवण्यात नव्या खोबऱ्याचा पहिला घाणा आजही बैल ओढत नाही, पन्नाशीचे पुरुष ओढतात. तरणी पोरं हसतात, तर हसू देत. मग जो तो भरली वाटी सगळ्यांदेखत भर रस्त्याने घरी नेतो, बायकोच्या हातात देतो, आणि ती हाक मारेपर्यंत ओटीवर झोपतो.